बाळाशी खोटे बोलावे काय?

कान सोनारानेच टोचावेत, अशी म्हण आपल्याकडे आहे. ज्याचे काम त्यानेच करावे, हा तिचा रूढ अर्थ. परंतु म्हणीतला सोनार क्षणभर बाजूला ठेवून, ज्याचे कान टोचले जातात त्या बाळाकडे पाहावे. सोनाराचा हात सराईत असतो, तार सोन्याची असते, घरात पेढे वाटलेले असतात. बाळाला यांतले काहीच ठाऊक नसते. ज्या मांडीवर आपण निर्धास्त होतो त्याच मांडीवर आपल्याला धरले आणि काहीतरी दुखले, एवढेच त्याला कळते. पुढे ते मोठे होते, बोलू लागते. लस टोचून घ्यायची असते, तापात रक्त तपासायला द्यायचे असते, खेळताना फुटलेल्या कपाळाला टाके घालायचे असतात, पायात मोडलेला बाभळीचा काटा काढायचा असतो. तेव्हा ते त्याच मांडीवर बसून विचारते, "आई, दुखेल का गं?" आणि घरोघर एकच उत्तर मिळते, "छे! मुळीच दुखायचं नाही."

या उत्तराचा विचार आज करावयाचा आहे. हे वाक्य खोटे आहे, हे बोलणाऱ्याला पुरते ठाऊक असते. ते प्रेमापोटी बोललेले असते, हेही तितकेच खरे. मग या असत्याला दोष लागतो, की वात्सल्यात तो विरघळून जातो? कोणी म्हणेल, बुवा, एवढ्याशा सुईसाठी धर्मनिर्णय कशाला हवा? पण रणांगणावर धर्माची परीक्षा द्यावी लागणारे थोडे. आपल्यासारख्यांची परीक्षा उंबरठ्याच्या आतच होते, आणि बहुधा अशाच बारीकसारीक बोलण्यात होते.

वारकऱ्याला तर हा विचार करणे अधिकच प्राप्त आहे. आपण देवाला माउली म्हणतो. ज्ञानोबारायांना माउली म्हणतो. वाटेवर भेटेल त्या अनोळखी माणसाच्या पाया पडतानाही "माउली" म्हणतो. या एका शब्दावर आपल्या संप्रदायाची सगळी भिस्त आहे. पण लेकराला हा शब्द पोथीतून कळत नाही. त्याला तो आईच्या मांडीवर कळतो. ती मांडी विश्वासाची असेल तर पुढे देवाला माउली म्हटल्यावर त्याच्या मनात काही उमटेल. तिथेच फसगत झाली असेल तर तो शब्द नुसता कानावरून जाईल.

प्रथम एका शंकेचा निकाल लावला पाहिजे. लहान लेकराला दुखते तरी किती? "त्याला काय कळतंय, घटकाभर रडेल आणि विसरेल," असे आपण सहज म्हणतो. हा समज केवळ आडगावच्या आजीबाईंचा होता असे मानू नये. गेल्या शतकात 1980 च्या दशकापर्यंत पाश्चात्त्य देशांतील मोठमोठ्या इस्पितळांतही पुष्कळ डॉक्टरांची समजूत अशीच होती, की नवजात अर्भकाच्या नसांची वाढ अपुरी असते, म्हणून त्याला वेदना पुरतेपणी जाणवत नाही. अर्भकाला भूल सोसणार नाही, अशी भीतीही होती. त्यामुळे कित्येक अर्भकांवर शस्त्रक्रिया झाल्या त्या अत्यल्प भूल देऊन. हालचाल थांबवणारे औषध दिलेले असे; वेदना थांबवणारे पुरेसे नसे. लेकरू हलत नाही म्हणजे त्याला दुखत नाही, असा हिशेब होता.

हा हिशेब चुकीचा ठरवण्यात एका भारतीय वंशाच्या डॉक्टरांचा वाटा मोठा आहे. त्यांचे नाव कंवलजीत सिंग आनंद. ऑक्सफर्ड येथे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांचा अभ्यास केला. शस्त्रक्रियेच्या वेळी काही बाळांना नेहमीच्या औषधांबरोबर वेदनाशामक दिले, काहींना ते दिले नाही. ज्यांना ते मिळाले त्यांच्या शरीरावरचा ताण पुष्कळ कमी दिसला आणि नंतरची गुंतागुंतही कमी झाली. हे 1987 साली प्रसिद्ध झाले आणि वैद्यकशास्त्राची नजर बदलू लागली. वेदनेचा अभ्यास करणारी एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिने 1979 साली केलेली वेदनेची व्याख्या 2020 साली सुधारली. त्या वेळी तिने स्पष्ट केले, की एखाद्याला बोलून सांगता येत नाही, एवढ्यावरून त्याला वेदना होत नाही असे ठरत नाही.

हे वाचले तेव्हा मला पैठणची कथा आठवली. रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले आणि वळ उठले ज्ञानोबारायांच्या पाठीवर, असे आपण कीर्तनात सांगतो. लोक त्यातला चमत्कार पाहतात. मला त्यातला बोध अधिक मोठा वाटतो. ज्याला वाचा नाही त्याचे दुखणे आपल्या पाठीवर उमटले पाहिजे. रेड्याच्या बाबतीत ही कथा शेकडो वेळा ऐकून माना डोलावणाऱ्या आपण, पाळण्यातल्या लेकराच्या बाबतीत "त्याला काय कळतंय" म्हणावे, हे शोभत नाही.

आणि ते विसरते, हेही पूर्ण खरे नाही. कॅनडातील टोरांटो येथील संशोधकांनी 1997 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. जन्मानंतर थोड्याच दिवसांत सुंता झालेले मुलगे चार ते सहा महिन्यांचे झाल्यावर नेहमीच्या लसीसाठी आले, तेव्हा त्यांची तुलना सुंता न झालेल्या मुलग्यांशी केली. आधी वेदना सोसलेली मुले लसीच्या वेळी अधिक कळवळली. सुंतेच्या वेळी बधिर करणारे मलम ज्यांना लावले होते ती, मलम न लावलेल्या मुलांपेक्षा कमी कळवळली. म्हणजे मनाला आठवत नसले तरी देहाला आठवते. आपले शास्त्रही म्हणते, की अनुभव गेला तरी संस्कार राहतो. संस्कार हा शब्द आपण फक्त मुंज आणि लग्नापुरता वापरतो, इतकेच.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. दुखते हे ठरले. मग दुखणार नाही असे म्हणावे काय?

पूर्वपक्ष असा, की म्हणावे. सत्य हे हितासाठी आहे. ज्या सत्याने अहित होते ते सत्य नामधारी. याला महाभारतातच आधार आहे. कर्णपर्वात अर्जुन प्रतिज्ञेच्या शब्दाला धरून धर्मराजावर तलवार उपसतो, तेव्हा भगवान त्याला कौशिक ब्राह्मणाची गोष्ट सांगतात. कौशिकाचे व्रत होते, सदा खरे बोलायचे. चोरांच्या भयाने काही माणसे रानात लपली. चोरांनी विचारले, माणसे कुठे गेली? कौशिकाने खरे ते सांगितले. चोरांनी त्या माणसांना गाठून मारले, आणि कौशिकाला त्याच्या सत्यानेच नरकाला नेले. मग बाळाला टोचणीसाठी उगी बसवण्याकरिता आई दोन शब्द खोटे बोलली तर बिघडले कुठे? उलट तिने खरे सांगून बाळ पळाले, लस राहिली, रोग जडला, तर ती कौशिकाच्याच पंक्तीला बसेल.

पूर्वपक्ष बळकट आहे; त्याला हसून चालणार नाही. पण ही कथा शेवटपर्यंत ऐकली पाहिजे. भगवान तिथे असेही सांगतात, की न बोलता सुटका होत असेल तर बोलूच नये. न बोलण्यानेच संशय येत असेल आणि दुसऱ्याचे प्राण जात असतील, तेव्हाच असत्य बरे. म्हणजे असत्याची मुभा केव्हा? दुसरा मार्ग उरला नसेल तेव्हा. आणि ते बोलायचे कोणाला? चोराला. आपल्या घरी चोर कोण आहे? आईच्या गळ्याला मिठी मारून बसलेले लेकरू चोर नव्हे. शिवाय इथे दुसरा मार्ग आहे, आणि तो खोट्यापेक्षा अधिक कामाचा आहे. मार्ग असताना घेतलेली मुभा ही सोय असते, धर्म नसतो.

त्याच महाभारतात आणखी एक गोष्ट आहे. द्रोणाचार्यांच्या घरी दारिद्र्य होते, गाय नव्हती. श्रीमंतांच्या मुलांना दूध पिताना पाहून लहानगा अश्वत्थामा दुधासाठी रडला. आदिपर्वातली हकीकत अशी, की इतर मुलांनी त्याला पाण्यात पीठ कालवून दिले. दूध समजून तो ते प्याला आणि आनंदाने नाचू लागला. आम्ही कीर्तनकार ती वाटी त्याच्या आईच्या हाती देतो, म्हणजे श्रोत्यांच्या डोळ्यांना पाणी येते. वाटी कोणाच्याही हाती असो, फसवणूक लेकराची झाली. तो अपमान बापाच्या काळजात रुतला, त्यातून द्रुपदाशी वैर वाढले आणि त्या वैराची झळ कुरुक्षेत्रापर्यंत पोहोचली. पुढे द्रोणाचार्यांचा अंत झाला तोही याच मुलाच्या नावाने सांगितलेल्या अर्धसत्याने. ते बोलल्याबरोबर, आजवर भूमीच्या चार बोटे वर चालणारा धर्मराजाचा रथ जमिनीला टेकला. धर्मराजाने शब्द खोटा उच्चारला नव्हता. समजूत खोटी करून दिली होती.

"चल, जत्रेत फुगा घेऊ," असे म्हणून मुलाला दवाखान्यात नेणारा बाप हेच करतो. वाटेत तो फुगा घेऊनही देतो. म्हणजे शब्द खरा, समजूत खोटी. त्याचा रथ किती बोटे खाली येतो, ते मुलाला त्याच दिवशी दिसते.

या खोट्याने नेमके काय बिघडते, ते नीट पाहू. पहिली गोष्ट, सुई टोचली जाते आणि दुखते. दुखणे क्षणात ओसरते. पण आई खोटे बोलली, हे राहते. पुढच्या खेपेस आई खरोखरच म्हणेल, "आज नुसतं तपासायचं आहे, सुई नाही," तरी ते खरे मानणार नाही. भय सुईपुरते होते. आता ते दवाखान्याच्या पायरीपासून सुरू होते. दुसरी गोष्ट, डॉक्टरवरचा विश्वास जातो. तिसरी गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते. लेकरू म्हणते, "दुखलं," आणि आपण म्हणतो, "काही दुखलं नाही, उगाच रडू नकोस." म्हणजे त्याच्या स्वतःच्या अनुभवाविरुद्ध आपण साक्ष देतो. आज त्याने ही साक्ष मान्य केली, तर उद्या अंगात काही खरे बिघडले, कोणी नको तिथे हात लावला, तर ते कोणाला सांगायला येईल? ज्याने त्याचे दुखणे एकदा नाकारले त्याच्याकडे ते येणार नाही.

मग उघडे सत्य सांगावे काय? "फार दुखेल हं, मोठी सुई आहे," असे चार दिवस आधीपासून घोकावे काय? तेही नव्हे. सत्याला माप असते. औषध खरे असले म्हणून वाटीभर पाजत नाहीत. लहान लेकराला थोडे आधी सांगावे, जाणत्या मुलाला आदल्या दिवशी सांगावे. आणि सांगायचे ते त्याच्या मापाचे असावे. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली लसीच्या वेळची वेदना कमी करण्याविषयी जे मार्गदर्शन केले, त्यात हेच आहे. टोचणाऱ्याने शांत राहावे, साधे शब्द वापरावेत, भीती वाढवणारे बोलू नये, आणि खोटा दिलासाही देऊ नये. धर्मशास्त्र आणि वैद्यकशास्त्र एका ओळीत आलेले पाहून माझ्यासारख्या जुन्या माणसाला बरे वाटते.

आमच्या भागातल्या एका अंगणवाडीत लसीकरणाच्या दिवशी मी ओट्यावर बसलो होतो. एक म्हातारी नातवाला घेऊन आली. पोर पाच वर्षांचे, बूस्टरसाठी आलेले. त्याने विचारले, "दुखतंय का आज्ये?" म्हातारी म्हणाली, "व्हय, मुंगी डसल्यावानी दुखतंय जरा. मी हाय की. माज्या मांडीवर बस. रडू आलं तर रड." पोर मांडीवर बसले, तिच्या लुगड्याचा पदर मुठीत धरला. सुई टोचताना ते रडले. पण हात हलवला नाही. खाली उतरल्यावर नाक पुसत म्हणाले, "मुंगी मोठी व्हती." म्हातारी म्हणाली, "व्हती खरी." मला तिच्या या दोन शब्दांचे फार मोल वाटले. तिने मोठी मुंगी नाकारली नाही. शाळेची पायरी न चढलेल्या त्या बाईला सत्य आणि दया यांची सांगड कोणी शिकवली होती, पांडुरंगालाच ठाऊक.

आपल्या जुन्या वैद्यांनी तर हे लिहूनच ठेवले आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात कर्णवेधाचा विधी आहे. सहाव्या किंवा सातव्या महिन्यात कान टोचावेत. बाळाला दाईच्या मांडीवर बसवावे, खेळण्यांनी त्याचे मन रमवावे, त्याला गोंजारीत राहावे, आणि मग टोचावे. शस्त्रक्रियेचा एवढा मोठा आचार्य, पण टोचण्याआधी खेळणे आणि मांडी यांची आठवण त्याला राहिली. चरकसंहितेच्या शारीरस्थानात सांगितले आहे, की मूल रडत असले, जेवत नसले, ऐकत नसले तरी राक्षस, पिशाच, पूतना यांची नावे घेऊन त्याला भिववू नये. आज पूतनेचे नाव कोणी घेत नाही. आज आपण म्हणतो, "जेव, नाहीतर डॉक्टरकाका सुई टोचतील." ज्याने बरे करायचे त्यालाच आपण बागुलबुवा केला, आणि मग दवाखान्यात पोर किंचाळते म्हणून त्यालाच रागावतो!

आता उपाय सांगतो. ते साधे आहेत. अंगावर पिणारे बाळ असेल तर लस टोचताना किंवा त्याच्या थोडे आधी त्याला पाजावे. बाळाला मांडीवर, छातीशी धरावे. मोठ्या मुलाला उताणे निजवून चौघांनी दाबण्यापेक्षा मांडीवर सरळ बसवून कवेत धरावे. एका खेपेस दोन-तीन लसी असतील तर जास्त दुखणारी शेवटी द्यायला नर्सबाईंना सांगावे. सहा वर्षांच्या आतल्या मुलाचे मन गुंतवावे. खुळखुळा, शिट्टी, चित्र, काहीही चालते. मोठ्या मुलाला लांब फुंकर मारायला सांगावी. रक्त काढण्याआधी किंवा लहान टाक्यांआधी जागा बधिर करणारे मलम मिळते, पण ते साधारण तासभर आधी लावावे लागते. म्हणून डॉक्टरांना आधीच विचारावे. तान्ह्याच्या जिभेवर साखरेच्या पाण्याचे थेंब देतात, त्यानेही वेदना थोडी कमी होते. मात्र तेही डॉक्टरांनी सांगितले तरच आणि तेवढेच द्यावे. मध मात्र एक वर्षाच्या आत चाटवू नये. आपल्या जातकर्मात मध आहे, हे मी जाणतो. पण मधातून एवढ्या लहान बाळाला क्वचित घातक विषबाधा होऊ शकते, हे आज निश्चित कळलेले आहे. जे कळले ते न मानणे, ही श्रद्धा नव्हे.

इथे एक नाजूक गोष्ट बोलली पाहिजे. पुष्कळ वारकरी घरांत मुलाला सांगतात, "विठ्ठल विठ्ठल म्हण, म्हणजे दुखणार नाही." नाम घ्यायला लावणे चांगलेच. टाळ्या वाजवत, लांब श्वास सोडत नाम घेतले की मन गुंतते, अंग सैल पडते, आईचा आणि बाळाचा सूर एक होतो. पण "म्हणजे दुखणार नाही" हे शेपूट जोडू नये. सुई टोचली की दुखणारच. मग ते लेकरू काय समजेल? आई खोटे बोलली हे समजले असते तर ते निदान आईपुरते राहिले असते. आता खोटे बोलल्याचा आळ विठ्ठलावर आला. आपल्या सोयीसाठी देवाला खोटा जामीन राहायला लावणे, याइतके वाईट असत्य मला दुसरे दिसत नाही. त्यापेक्षा म्हणावे, "थोडं दुखेल. आपण दोघं मिळून नाव घेऊ, म्हणजे तेवढा वेळ सरेल." हे खरे आहे, आणि नामाला शोभणारेही आहे.

दोन शंका राहिल्या. पहिली अशी, की दुःख प्रारब्धाचे असते. ते भोगूनच संपते. मग एवढी खटपट कशाला? याचे उत्तर, प्रारब्धाचा विचार स्वतःचे दुःख सोसताना करावा. दुसऱ्याचे दुःख दिसले की तिथे प्रारब्ध सांगू नये, तिथे हात पुढे करावा. दुसऱ्याच्या दुखण्यावर प्रारब्ध सांगणारा माणूस स्वतःची दाढ दुखताच वैद्याकडे धावतो, हे आपण रोज पाहतो.

दुसरी शंका, मूल कणखर व्हायला हवे. सोसायची सवय लागली पाहिजे. तितिक्षा हा मोठा गुण आहे, यात वाद नाही. पण तितिक्षा साधकाची असते. त्याने ती जाणून, निवडून घेतलेली असते. दुसऱ्याच्या अंगावर लादलेल्या सोसण्याला तितिक्षा म्हणत नाहीत. "मुलगा ना तू? मुलीसारखा रडतोस काय?" असे म्हणून आपण धैर्य शिकवीत नाही, लपवणे शिकवतो, आणि जाता जाता मुलींचाही अपमान करतो. खरे धैर्य त्या अंगणवाडीतल्या पोराचे, जे रडले आणि हात स्थिर ठेवला. कौतुक करायचे तर "रडला नाहीस म्हणून शहाणा" असे करू नये. "भीती वाटत होती तरी बसलास" असे करावे.

या सगळ्यावरून मी सुई टाळा म्हणतो, असा अर्थ कोणी काढू नये. सुईचे उपकार फार आहेत. आपल्या देशात देवीची लस पहिल्यांदा टोचली गेली ती 14 जून 1802 रोजी, याच आपल्या मुंबईत, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. त्या काळी लस बाटलीत येत नसे. एका मुलाच्या दंडावर उठलेल्या फोडातला द्रव घेऊन दुसऱ्याला टोचायचा, त्याच्याकडून तिसऱ्याला. ॲनाच्या दंडावरून मुंबईतल्या इतर मुलांना आणि तिथून पुढे लस गेली. देवीचा रोग जगातून गेल्याचे 1980 साली जाहीर झाले. त्यामागे अशी किती लेकरे रडली असतील! आपण जिवंत आहोत ते त्या लहान दंडांच्या ऋणात. म्हणून लस चुकवू नये. कुत्रे चावल्यावरची लस तर मुलाच्या रडण्यापायी एक दिवसही पुढे ढकलू नये.

तेव्हा मुलाला विचारू नये, "टोचू या का?" ते नको म्हणेल आणि आपण टोचूच, म्हणजे विचारणे खोटे ठरेल. जे त्याच्या हाती नाही ते विचारू नये. जे आहे ते मात्र जरूर विचारावे. आईच्या मांडीवर बसतोस की आजोबांच्या? हाताकडे बघतोस की माझ्याकडे? हातात काय धरतोस? जिथे शक्य आहे तिथे, कोणत्या हाताला? एवढ्या निवडीने लेकराला वाटते, की हे माझ्यावर कोसळले नाही, मी यात आहे. आणि धरून ठेवणे अगदीच भाग पडले तर तसे सांगून धरावे, "हात हलू नये म्हणून धरतो, झालं की लगेच सोडतो." आणि झाल्यावर खरोखर लगेच सोडावे. तातडी नसेल आणि पोर फारच भेदरले असेल तर घटकाभर थांबावे. दहा मिनिटांनी डॉक्टरांचे काही अडत नाही.

आषाढीच्या वाटेवर आता लेकुरवाळ्या बायाही पुष्कळ असतात. मुलांच्या पायाला फोड येतात, काटे मोडतात. दिंडीतल्या जाणत्यांनी हे ध्यानात ठेवावे. चौघांनी पाय दाबून, पाचव्याने खसकन काटा उपसून, भोवती हसत उभे राहणे, ही काही सेवा नव्हे. एकाने मांडी द्यावी, एकाने टाळ वाजवून मन गुंतवावे, सुई स्वच्छ करून घ्यावी, आणि खोल गेला असेल तर वाटेवरच्या आरोग्यपथकाकडे न्यावे.

शेवटी माउली या शब्दाकडे येतो. देवाने आपल्या भक्तांना दुखणार नाही असे कधी सांगितले? तुकोबारायांची पत्नी आणि मुलगा दुष्काळात गेले. ज्ञानोबारायांची चारी भावंडे लहानपणीच पोरकी झाली. पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्या कोणालाही सुखाचा करार लिहून मिळालेला नाही. मिळालेले आहे ते एवढेच, की तो विटेवर उभा आहे आणि तिथून हललेला नाही. आपल्या संतांनी त्याला माउली म्हटले ते याच बळावर. घरच्या माउलीने तरी याहून मोठे वचन का द्यावे? "दुखणार नाही" हे तिच्या हातात नाही. "मी इथेच आहे" हे तिच्या हातात आहे. जे हातात आहे त्याचेच वचन द्यावे आणि ते पाळावे. लेकरू विचारील, "दुखेल का?" तेव्हा त्याच्या डोळ्यांत बघून म्हणावे, "थोडं दुखेल बाळा. मी सोडून जाणार नाही." आणि सुई निघेपर्यंत खरोखर हलू नये.

रामकृष्णहरी.